उभ्या गाडीच्या रेडिएटरमधला गाळ

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सी स्टँडवरून २०२३ मध्ये कायमची उतरली. खासगी मालकांकडच्या कितीतरी पद्मिनी मात्र अजून कुठल्या वाड्याच्या पडवीत, कुठल्या बंगल्यामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या आहेत. अशी गाडी पुन्हा चालू करायची म्हटलं की सगळे आधी बॅटरी, कार्ब्युरेटर आणि ब्रेक बघतात. रेडिएटरमध्ये, म्हणजे इंजिनाचं तापलेलं पाणी थंड करणाऱ्या जाळीत, पाणी ओततात, गळत नाही एवढं पाहतात आणि निघतात. मग पहिल्याच घाटात बोनेटखालून वाफ येते.

बाहेरून चिकटलेला कचरा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची फार भीती नाही. सुकी पानं, किडे, जाळीवर कुंभारमाशीने केलेली मातीची घरटी, उंदरांनी ओढून आणलेल्या चिंध्या. होज पाईप काढून तोंडं उघडी ठेवली असतील तर आत धान्याचे दाणेसुद्धा सापडतात. हे काढताना हातमोजे आणि मास्क हवेतच, कारण उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हवेचा झोत इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारायचा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जातो. प्रेशर वॉशर मात्र लांब ठेवा. तांब्याची पाती कागदाइतकी पातळ असतात. एकदा आडवी झाली की हवेची वाट तीच अडवतात.

खरा प्रश्न आतल्या तांबूस गाळाचा आहे. हा गाळ बाहेरून आलेला नाही, तो इंजिनाचाच झिजलेला भाग आहे. सिलिंडरभोवती पाणी खेळतं ती पोकळी बिडाची असते. पाणी आणि प्राणवायू मिळाला की बीड गंजतं, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. गाडी चालती असताना कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली) गंजरोधक रसायनं हे रोखून धरतात, पण ती काही वर्षांत संपतात. पुढे कूलंटमधल्या ग्लायकोलचंही विघटन होऊन आम्लं तयार होतात. त्यातून रेडिएटर तांब्या-पितळेचा, ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचा आणि दोघांमध्ये एकच द्रव. अशा जोडीत झिजायची पाळी लोखंडावर येते. हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असेल तर पाण्यात उतरलेला थोडासा तांब्याचा अंशही त्यावर बसून खड्डे पाडतो.

सगळ्यात वाईट अवस्था अर्धवट रिकाम्या गाडीची. पूर्ण भरलेल्या इंजिनात प्राणवायू लवकर संपतो. अर्ध्या भरलेल्यात ओली भिंत आणि ताजी हवा दोन्ही कायम शेजारी असतात. ‘पाणी काढून ठेवलंय’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांच्या गाड्या बहुधा याच वर्गात मोडतात, कारण ब्लॉकच्या तळातलं पाणी नुसता रेडिएटरचा नळ उघडून निघत नाही.

गंजाच्या जोडीला क्षार असतात. पाणी तापलं की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं विघटन होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या थराच्या रूपात बसतं. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच हा थर. तो सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे हेडजवळ, आधी धरतो. अर्धा मिलिमीटर थर उष्णता अडवायला सव्वा सेंटिमीटर जादा बिडाइतका भारी पडतो. तानसा-भातसाच्या मृदू पाण्यावर वाढलेली मुंबईची गाडी आणि पठारावर बोअरचं जड पाणी प्यायलेली गाडी यांच्यातला फरक हेड उघडल्यावर लगेच कळतो.

थोडासा गाळ एवढा का नडतो? रेडिएटरच्या नळ्या चपट्या असतात. पाणी संथ वाहत असेल तर अशा फटीतला प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: फट निम्मी झाली की प्रवाह एक-अष्टमांश उरतो. पद्मिनीला निदान पाण्याचा पंप आहे. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर फोर्डने पंपच काढून टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं, एवढ्यावरच ती गाडी चाले. ९० आणि ६० अंशांच्या पाण्याच्या घनतेतला फरक दोन टक्क्यांहून कमी आहे. ४० सेंटिमीटर उंचीमागे त्यातून मिळणारा जोर जेमतेम ७ मिलिमीटर पाण्याइतका! तेवढ्या ढकलण्यापुढे चिमूटभर गंजसुद्धा डोंगर ठरतो.

सफाईची सुरुवात जोराने करू नये. वाळलेला गाळ आधी भिजवायचा. रेडिएटर सोडवून, कोमट पाणी भरून एक-दोन दिवस आडवा-उभा ठेवायचा, मधूनमधून हलवायचा. मग पाणी खालच्या तोंडातून आत आणि वरच्यातून बाहेर. खपल्या नळ्यांच्या वरच्या तोंडाशी अडकलेल्या असतात. आल्या दिशेनेच रेटल्या तर आणखी घट्ट बसतात. आणि जपून: तीन मजली गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला साधारण हवेच्या दाबाइतका जादा दाब देतं. जुन्या रेडिएटरची झाकणं बहुतेक त्याच्या निम्म्यावर सुटतात, काहींना तर दाबाची सवयच नसते. नळ्या तुंबलेल्या असताना नळ पूर्ण सोडला तर फाटतो तो झाळलेला सांधा.

यानंतरही क्षार उरले तर सायट्रिक ॲसिड, लिटरला साधारण २० ते ३० ग्रॅम, कोमट पाण्यातून. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. ते थांबले की कार्बोनेट संपलं. पाण्याला निळसर छटा आली तर तांबं विरघळू लागलंय, लगेच ओता. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारून भरपूर धुवायचं. बाथरूम साफ करायचं ॲसिड कुणी सुचवलं तर ऐकू नका; ते पितळातलं जस्त ओढून घेतं आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबं ठेवतं. कॉस्टिक सोडा झाळ आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो. निघालेलं पाणी गटारात किंवा अंगणात सोडू नये. त्यात झाळातलं शिसं असू शकतं, आणि ग्लायकोल गोड असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

ब्लॉक तसाच ठेवून फक्त रेडिएटर धुतला तर आठवड्याभरात तो पुन्हा भरतो. थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून ब्लॉक वेगळा धुवायचा, त्याचा तळाचा प्लग तारेने मोकळा करायचा. तरीही सुटे कण निघतच राहतात, म्हणून जुने मेकॅनिक वरच्या होजच्या तोंडाशी नायलॉनचा पायमोजा बसवतात आणि थोडं अंतर चालवल्यावर काढून झटकतात. तो पायमोजा उघडून बघितला की इंजिनाची अवस्था कुठल्याही मीटरपेक्षा लवकर कळते.

शेवटी डिस्टिल्ड पाणी आणि नवं कूलंट भरून गाडी तापवा, इंजिन बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवरून फिरवा. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच थंडगार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत, आणि आता रसायनाने काम होणार नाही. रेडिएटरवाला वरच्या टाकीची झाळ वितळवून ती उघडतो आणि एकेका नळीतून चपटी सळी घालतो. सळीही जात नसेल तर कोर (मधली नळ्या-पात्यांची जाळी) नवा, टाक्या मात्र जुन्याच ठेवायला सांगा.