मिथेन बनतो कधी आणि सुटतो कधी

उष्ण प्रदेशातल्या नद्यांमधल्या मिथेनचा विषय निघाला की एक वाद ठरलेला. एक जण म्हणतो, पाणी चढलं की मिथेन वाढतो. दुसरा म्हणतो, छे, पाणी उतरताना वाढतो. बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात. पहिला मिथेन बनण्याबद्दल बोलतोय आणि दुसरा सुटण्याबद्दल, हे मात्र दोघांच्या गावी नसतं.

बनण्याबद्दल फार सांगायला नको. गोबर गॅस ठाऊक असलेल्याला ते कळतं: ओला पालापाचोळा, हवा बंद, ऊब आणि सूक्ष्मजीव. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, ब्राझीलमधल्या मानाउस शहरापाशी रिओ नेग्रो नदीची पातळी वर्षात साधारण 10 मीटर वर-खाली होते. जूनच्या सुमारास पाणी सर्वांत वर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत खाली. पाणी जंगलात शिरतं, गवत-पानं बुडून कुजतात, चिखलातला ऑक्सिजन संपतो, मग सूक्ष्मजीव ऑक्सिजनऐवजी नायट्रेट आणि लोह वापरून संपवतात. मिथेन बनवणाऱ्यांचा जोर त्यानंतरचा. त्यामुळे पूर आला रे आला की मिथेन वाढला, असं नसतं.

घोळ होतो तो सुटण्यापाशी. बनलेला मिथेन लगेच हवेत जातो असं लोक गृहीत धरतात. चिखलात बुडबुडा धरायचा तर विरघळलेल्या वायूंचा एकूण दाब वरून पडणाऱ्या दाबापेक्षा जास्त हवा. 10 मीटर पाण्याचा भार म्हणजे जवळजवळ आणखी एका वातावरणाचा दाब. 12 मीटर पाण्याखालच्या चिखलावर हवेसकट सुमारे 2.2 वातावरण दाब असतो. पाणी 2 मीटरवर आलं की तो 1.2 होतो. नवा मिथेन कणभरही न बनता, आतापर्यंत गप्प बसलेला वायू बुडबुड्यांनी वर येऊ लागतो.

वर वाटही आखूड झालेली असते. खोल पाण्यात बुडबुड्यातला बराच मिथेन चढता चढता विरघळतो, आणि विरघळलेला मिथेन ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू खाऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात. उथळ पाण्यात त्यांना तेवढी सवडच मिळत नाही. शिवाय पूर ओसरताना काठची तळी मुख्य पात्रात रिकामी होतात, ती आपला विरघळलेला मिथेन घेऊनच.

म्हणून नुसती पातळी लिहिलेला आलेख दिसला की माझं डोकं फिरतं. मानाउसच्या मोजपट्टीवर 22 मीटर हा आकडा साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीला चढताना दिसतो आणि सप्टेंबरच्या आसपास उतरताना. आकडा एकच, पण एकीकडे नुकतं बुडू लागलेलं गवत, तर दुसरीकडे महिनोन्महिने मुरलेला चिखल आणि घटता दाब. या दोन्ही नोंदींची सरासरी काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पातळीसोबत ती चढती की उतरती आणि किती वेगाने, हे लिहिलंच पाहिजे.

उतरणं फार लांबलं की गणित पुन्हा उलटतं. चिखल उघडा पडतो, भेगाळतो, हवा आत शिरते आणि कारखानाच बंद पडतो. 2023 च्या ऑक्टोबरात मानाउसची पातळी 12.70 मीटरपर्यंत घसरली, 2024 मध्ये त्याहूनही खाली. अशा वर्षाचा एकच आकडा देऊन ‘दुष्काळात मिथेन घटतो’ म्हणणाऱ्याला विचारावं, मोजलं कधी? काठ उघडे पडण्याआधी की नंतर?

दर चौरस मीटरचा आकडा आणि एकूण आकडा यांतली गल्लत त्या मानाने साधी आहे. भरपुरात एकेका चौरस मीटरमधून कमी सुटला तरी बुडालेलं क्षेत्र अफाट असतं, त्यामुळे एकूण बेरीज मोठी निघू शकते.

आणि कृपा करून फक्त होडीतून मोजू नका. बुडालेल्या जंगलातली झाडं चिखलातला मिथेन मुळांतून ओढून खोडांवाटे हवेत सोडतात. अ‍ॅमेझॉनच्या पूरमैदानातल्या झाडांवरचा 2017 सालचा अभ्यास सांगतो की हा वाटा किरकोळ नाही. खोडातून जाणारा हा मिथेन वायू मोजायला पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या पेटीत येतच नाही, मग नदी कितीही चढो वा उतरो.