पाशा: आडनाव नव्हे, हुद्दा

‘केमाल पाशा’ हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासापासून ठाऊक असतं आणि पुष्कळांना ‘पाशा’ हे त्यांचं आडनाव वाटतं. काही पुस्तकांच्या सूचीतही ते ‘प’ खाली सापडतं. ते चूक आहे. पाशा हा ऑटोमन सुलतानाने व्यक्तीला दिलेला हुद्दा. तो नावाच्या मागे लागायचा आणि सहसा त्या माणसापुरताच राहायचा. पाशाचा मुलगा आपोआप पाशा होत नसे. त्याला बहुधा ‘बे’, हा पाशाखालचा किताब लावून, म्हणत. बापाची दौलतही त्याला मिळेलच असं नव्हतं, कारण मेलेल्या किंवा मर्जीतून उतरलेल्या अधिकाऱ्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची चाल होती. ती बंद करण्याचं वचन थेट 1839 च्या गुल्हाने फर्मानात, म्हणजे सुलतानाच्या सुधारणांच्या जाहीरनाम्यात, मिळालं.

जुन्या काळी पाशांची प्रतवारी घोड्याच्या शेपटांवरून कळे. लाकडी खांबाच्या टोकाला सोनेरी गोळा आणि त्याखाली शेपटीचे केस, अशा निशाणाला ‘तूग’ म्हणत. वजिराला तीन तूग, मोठ्या प्रांताच्या सुभेदाराला, म्हणजे बेलरबेला, दोन आणि त्याखालच्या संजाकबेला, म्हणजे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला, एक. मोहिमेत तूग तंबूपुढे रोवलेले असत, त्यामुळे आत कोण आहे हे अक्षरओळख नसलेल्या शिपायालाही दुरून समजे.

एकोणिसाव्या शतकात सैन्य नव्या धर्तीवर उभं राहिलं आणि शेपटांची जागा हुद्द्यांच्या उतरंडीने घेतली. कर्नलच्या तोडीचा ‘मीरआलाय’ हा बे. त्यावरची पायरी ‘मीरलिवा’, आणि तिथून माणूस पाशा. वर ‘फेरीक’, सर्वांत वर ‘मुशीर’. मुलकी अधिकाऱ्यांनाही हा मान मिळे, आणि त्यासाठी मुसलमान असण्याची अट उरली नव्हती: 1861 मध्ये लेबनॉन पर्वताच्या प्रांतावर सुभेदार म्हणून नेमलेले दाऊद पाशा आर्मेनियन कॅथलिक होते.

इतिहास वाचणाऱ्याला या उतरंडीचा मोठा उपयोग आहे. मुस्तफा केमाल, म्हणजे आपले ‘केमाल पाशा’, पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये गॅलिपोलीला लढले तेव्हा बे होते; पाशा झाले 1916 मध्ये. त्या काळचे ऑटोमन नेते एन्वर पाशा झाले 1914 च्या जानेवारीत, युद्धमंत्री होताना. त्यांचे सहकारी तलात तर वर्षानुवर्षं गृहमंत्री असूनही बेच राहिले आणि 1917 मध्ये वजीर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधान, झाल्यावर पाशा म्हणवले गेले. म्हणून एखाद्या मजकुरात 1915 चे ‘तलात पाशा’ भेटले, तर तो मजकूर मागाहून लिहिला किंवा दुरुस्त केला असण्याची शक्यता आधी तपासावी.

‘एफेंदी’ हा आणखी एक आदराचा किताब; तो पाशाहून हलका, असं मात्र सरसकट समजू नये. साधा कारकून एफेंदी असे, आणि राजघराण्यातले शहजादेही. शेवटचे खलिफा अब्दुलमजीद एफेंदीच होते. त्यांची मुलगी दुर्रुशेहवार 1931 मध्ये निजामाची सून झाली; मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. हैदराबादच्या जनान्यात तर निजामाच्या बेगमेला ‘दुल्हन पाशा’ म्हणत. बाईला पाशा म्हणणं इस्तंबूलच्या सरकारी रिवाजात बसणारं नव्हतं.

26 नोव्हेंबर 1934 च्या कायद्याने तुर्कस्तानात पाशा, बे, एफेंदी, आगा हे सगळे किताब रद्द झाले. सेनाधिकारी ‘जनरल’ आणि ‘अॅडमिरल’ झाले. इजिप्तने 1952 च्या क्रांतीनंतर तेच केलं. बोलण्यातून मात्र शब्द गेला नाही. तुर्की लोक जनरलला आजही ‘पाशाम’ अशी हाक मारतात.