धुळी निशाळ आणि गायकवाड सरकारची शाळा

पादरा, सावली, डभोईकडच्या गावात शाळा कधीची म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं: "गायकवाडी!" म्हणजे गायकवाडांच्या बडोदा संस्थानच्या काळातली. आपण वडोदऱ्याचे मराठी लोकही ते अभिमानाने पुढे सांगतो. पण गायकवाडीत गावांत शाळा दोन तऱ्हेच्या होत्या आणि शताब्दीच्या फलकावर त्यांची सर्रास सरमिसळ होते.

जुनी ती धुळी निशाळ, म्हणजे धुळीत अक्षरं गिरवायची शाळा. आपल्याकडे पंतोजी, तिथे पंड्या किंवा महेताजी. देवळाची किंवा एखाद्या घराची ओसरी, पाटीवर पसरलेली धूळ, त्यात काडीने गिरवलेली अक्षरं. छापील पुस्तक नाही, इयत्ता नाही. ज्याचं जेवढं पाठ, तेवढा तो पुढे. सगळा भर आंकांवर, म्हणजे पाढ्यांवर: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. वाण्याच्या पोराला दुकानात बसायला तेवढं पुरे. तोंडी हिशेबात सरकारी शाळेने या पोरांची बरोबरी केली असेल, असं मला तरी वाटत नाही. पंड्याला धान्य, थोडे पैसे, सणाला शिधा. पोर आलं नाही तर पंड्याचं तेवढं धान्य बुडायचं, बाकी कुणाला सोयरसुतक नसे. मुली जवळपास नसतच, आणि अंत्यजांच्या मुलांना ओसरी बंद.

सरकारी शाळेत पगारी मास्तर, छापील वाचनमाला, डेप्युटीची (शिक्षण खात्याच्या तपासनीसाची) तपासणी. पण खरा फरक हजेरीचा. सयाजीरावांनी १८९३ मध्ये सक्ती आणली ती फक्त अमरेली तालुक्यातल्या मोजक्या गावांत, तीही प्रयोग म्हणून. अमरेली म्हणजे काठियावाडातला दूरचा तुकडा. त्यामुळे पादऱ्याच्या शाळेला १८९३ ची सक्ती चिकटवणं चूक. संस्थानभर कायदा झाला १९०६ मध्ये: मुलगे ७ ते १२, मुली ७ ते १० वर्षांच्या. पोर गैरहजर तर दंड पालकाला. शेताच्या हंगामात हा दंड किती खुपला असेल, कल्पना करा!

अंत्यजांसाठी सरकारने वेगळ्या शाळा काढल्या. तिथे सवर्ण मास्तर जायला तयार नसत. मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षकांनी त्या चालवल्या.

तेव्हा गावच्या शाळेचं वय काढायचं असेल, तर आधी शाळेतलं जुनं वयपत्रक, म्हणजे दाखल मुलांची नोंदवही, मागावं. पंड्याच्या शाळेचा माग मात्र तिथे लागणार नाही. तो जुन्या घरांच्या चोपड्यांत, शिध्याच्या नोंदींत शोधावा.