अंजिराचे छाट कलम

अंजिराच्या (फायकस कॅरिका) पक्व फांदीचा तुकडा ओलसर माध्यमात ठेवून त्यालाच मुळे फुटू देणे, ही या झाडाची रोपे करण्याची जुनी आणि सोपी पद्धत आहे. तिला छाट कलम किंवा फाटे कलम म्हणतात. द्राक्ष आणि डाळिंबाची रोपेही अशी होतात. आंब्याच्या फांदीवर हाच प्रयोग सहसा फसतो. अंजीर मुळे फोडण्यात इतके उदार आहे की नवशिक्याने कलमांचा श्रीगणेशा याच झाडापासून करावा. तरीही घरी लावलेल्या काड्या मोठ्या संख्येने मरतात आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, जास्तीचे पाणी.

बियांपासून अंजीर लावण्यात फारसा अर्थ नसतो. पुरंदर भागातल्या पूना अंजिराला परागणाशिवाय फळ धरते, त्यामुळे आतल्या बिया पोकळ राहतात. बाजारातल्या सुक्या अंजिरांपैकी स्मर्ना प्रकारच्या फळांत, एका बारीक गांधीलमाशीवर्गीय कीटकाने परागण केलेले असल्याने, सजीव बिया असतात आणि त्या रुजतातही. पण त्यांतली सुमारे निम्मी झाडे नर निघतात आणि मादी झाडांपैकी काहींची फळे परागणाअभावी कच्चीच गळून पडतात. फांदीपासून केलेले रोप मात्र मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वी कळली असावी. जॉर्डन खोऱ्यातल्या गिलगाल येथे सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची जळकी अंजिरे सापडली. ती परागणाशिवाय धरलेली आहेत, म्हणजे त्या झाडांच्या फांद्या माणसाने मुद्दाम लावल्या असाव्यात, असा निष्कर्ष 2006 मध्ये मांडला गेला. अशी फळे रानातही क्वचित आढळतात, असे म्हणत काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला. वाद मिटलेला नाही. पण निष्कर्ष खरा असेल, तर अंजिराची लागवड गहू-जवापेक्षाही आधीची ठरते.

महाराष्ट्रात काडी मिळवणे अवघड नाही. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील दिवे, सोनोरी, गुऱ्होळी या पट्ट्यात अंजिराच्या बागा आहेत आणि 'पुरंदर अंजीर' या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मराठवाड्यात दौलताबादचा परिसर अंजिरासाठी ओळखला जातो. पुरंदरमध्ये अंजिराचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, असतात. खट्टा बहारासाठी जूनच्या सुमारास आणि मीठा बहारासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी होते. छाटलेल्या फांद्या बांधावर पडून असतात. मागितल्या तर बागाईतदार नाही म्हणत नाही. बागांसाठी गुटी कलमही वापरतात, कारण त्यात फांदी झाडावर असतानाच मुळे धरते. घरी मात्र अंगणात आधीच झाड असल्याशिवाय गुटी बांधता येत नाही. काड्या लावायला हिवाळ्याची अखेर, म्हणजे झाडाची पाने गळालेली असतात तो काळ, उत्तम. पावसाळ्याच्या तोंडावरही जमते. एप्रिल-मेच्या उन्हात हा उद्योग करू नये.

काडी साधारण एक वर्ष वयाची, पेन्सिल ते अंगठ्याएवढी जाड, 15 ते 20 सेंटिमीटर लांब आणि तीन-चार डोळ्यांची असावी. हिरवे, लुसलुशीत शेंडे कुजतात. ज्या झाडाच्या पानांवर पिवळट, वेडेवाकडे चट्टे दिसतात त्याची काडी घेऊ नये. तो विषाणूजन्य मोझॅक रोग असू शकतो आणि तो कलमातून जसाच्या तसा पुढच्या झाडात येतो. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा, कारण मुळे पेऱ्याजवळ आणि कापाच्या कडेला जास्त फुटतात. काडी उलटी लावण्याची चूक नेहमीची आहे. डोळ्याच्या खाली गळलेल्या पानाचा गोलसर व्रण असतो. व्रण खाली आणि डोळा वर आला की काडी सुलटी आहे असे समजावे. कापातून पांढरा चीक वाहतो. तो कातडीला लागून त्यावर ऊन पडले तर फोड उठतात, म्हणून हातमोजे घालावेत किंवा हात लगेच साबणाने धुवावेत. काडीही स्वच्छ पाण्याने धुऊन, चीक थांबल्यावर काही तास सावलीत सुकू द्यावी.

माध्यम म्हणून धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरते. त्यात निम्मे परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाडसर वाळू मिसळली तर आणखी चांगले. शेणखत, गांडूळखत यांची या टप्प्यात काही गरज नसते, उलट त्यांनी कुज वाढते. ओल किती असावी हे मुठीने तपासावे. कोकोपीट मुठीत दाबल्यावर बोटांमधून पाणी ठिबकले तर ते जास्त ओले आहे. गोळा बनला, हाताला गारवा लागला पण थेंब पडला नाही, तर बरोबर. तळाला भोके पाडलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात हे माध्यम भरून वरचा एक डोळा बाहेर राहील इतकी काडी आत खोचावी आणि वरून सैल पिशवी घालावी. ग्लास पारदर्शक असल्याने मुळे उकरून पाहावी लागत नाहीत. एरवी तो दुसऱ्या अपारदर्शक ग्लासात ठेवावा, म्हणजे शेवाळ धरत नाही. पाण्याच्या बाटलीतही काडीला मुळे येतात, पण ती ठिसूळ असतात आणि मातीत नेताना निम्मी मोडतात.

मुळे फोडणारे संजीवक (आयबीए) वापरले तर मदत होते, नसले तरी अंजिराचे अडत नाही. ऊब मात्र हवी. 22 ते 26 अंश सेल्सिअस तापमान मानवते. पुण्याच्या डिसेंबरातल्या रात्री ग्लास गॅलरीत न ठेवता फ्रिजच्या वरच्या उबेत ठेवलेला बरा.

यानंतर खरी परीक्षा असते. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो, पोपटी पान उलगडते आणि लावणाऱ्याला वाटते, झाले! प्रत्यक्षात हे पान काडीत साठलेल्या पिठूळ द्रव्यावर वाढलेले असते आणि खाली एकही मूळ नसू शकते. याच वेळी हौसेने उन्हात ठेवून रोज पाणी घातले की काडी तळापासून काळी आणि मऊ पडते. ग्लासाच्या कडेला मुळे दिसेपर्यंत पाणी जवळपास घालूच नये. माध्यम खरोखर कोरडे पडले तरच चमचाभर. आधी काडीच्या सालीवर पांढरे बारीक फुगवटे येतात, मग पांढरी मुळे निघतात. सर्वसाधारणपणे याला तीन ते सहा आठवडे लागतात. भुरी बुरशी दिसली तर काडी काढून पुसावी, पिशवी थोडी उघडावी. माध्यमावर बारीक काळी चिलटे घोंघावू लागली, तर ओल जास्त आहे हे नक्की.

पहिली पांढरी मुळे दिसताच रोप हलवू नये. ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटले की ग्लास कातरीने उभा कापून गोळ्यासकट लहान कुंडीत लावावे. मातीत पोयटा, वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत असावे. पाणी साचणारी काळी चिकणमाती नको. पिशवी एकदम न काढता आठवडाभर रोज थोडी अधिक उघडी ठेवावी आणि नंतर रोप सकाळच्या कोवळ्या उन्हात आणावे. पावसाळ्यात पानांच्या मागे तांबूस पूड दिसली तर तो तांबेरा हा बुरशीजन्य रोग. पाने काढून टाकावीत.

कलमाचे रोप कधीकधी पहिल्याच वर्षी पानाच्या बगलेत हरभऱ्याएवढे फळ धरते. ते खुडलेले बरे, कारण वर्षभर तरी रोपाने मुळे आणि खोड वाढवावे. चांगली काळजी घेतल्यास खाण्याजोगी फळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मिळू लागतात, आणि मोठ्या कुंडीतही मिळतात.