हीट पंप चाचणीगृहातील ऊर्जावापर

हीट पंपाची, म्हणजे थंड जागेतली उष्णता उचलून उबदार जागेत टाकणाऱ्या यंत्राची, क्षमता मोजताना त्या पंपाला लागणाऱ्या विजेव्यतिरिक्त चाचणीगृह स्वतः जी ऊर्जा खर्च करते, ती. पंपाची वीज कशी मोजावी हे चाचणी-मानके बारकाईने सांगतात. चाचणीगृहाच्या खर्चाचा हिशेब मात्र ती मागत नाहीत.

हवेवर चालणाऱ्या पंपासाठी एकमेकींना लागून दोन उष्णतारोधक खोल्या असतात. घरातल्या हवेची खोली २० अंश से. वर आणि बाहेरच्या हवेची ७ अंशांवर ठेवणे ही तापनाची प्रचलित चाचणी-स्थिती आहे. पंप बाहेरच्या खोलीतली उष्णता उचलून आतल्या खोलीत टाकतो, आणि तापमाने स्थिर राखायची तर चाचणीगृहाला नेमके उलटे काम करावे लागते. समजा, पंप २ किलोवॉट वीज घेऊन ८ किलोवॉट उष्णता देतो. बाहेरच्या खोलीतून गेलेले ६ किलोवॉट विजेच्या हीटरने भरून काढायचे आणि आतल्या खोलीतले ८ चिलरने, म्हणजे शीतन यंत्राने, काढायचे. चिलरचा सीओपी (घेतलेल्या विजेच्या किती पट उष्णता हलवली ते प्रमाण) ३ धरला तर त्याला सुमारे २.७ किलोवॉट लागतात. म्हणजे पंखे सोडूनही २ किलोवॉटच्या पंपामागे ८.७ किलोवॉट. वस्तुतः इमारतीबाहेर टाकायला हवी ती पंपाने घेतलेल्या २ किलोवॉटएवढीच उष्णता. उरलेले ६ किलोवॉट २० अंशांकडून ७ अंशांकडे, ग्लायकॉल (गोठणरोधक द्रव) मिसळलेल्या पाण्याच्या फेऱ्यातून, उतारानेच परत जाऊ शकतात.

तरीही हीटर टिकून आहेत, ते नियंत्रणापायी. स्थिर स्थितीत कोरड्या कंदाचे (साध्या तापमापकाने मोजलेल्या हवेचे) सरासरी तापमान ±०.३ केल्विनच्या आत राखावे लागते. हवा जरा जास्तच थंड करून पुन्हा तापवणे ही त्याची सोपी रीत. तीत चिलर आणि हीटर एकमेकांविरुद्ध राबतात. आर्द्रतेचे ओझे निराळे. २ अंशांच्या चाचणीत बाहेरच्या कॉइलच्या पात्यांवर पांढरे हिम धरते व हवा कोरडी पडते. ती ओल वाफेने परत द्यायची तर किलोमागे सुमारे ०.७ युनिट वीज जाते. हिम वितळवताना पंपाचे चक्र सहसा उलटते, भारही उलटतो, आणि असे मोजमाप तीन-तीन तास चालते.

उष्णता परतवण्याबाबत मात्र पद्धतीनुसार भेद करायला हवा. हवा-एन्थॅल्पी (हवेतील एकूण उष्णतेच्या) पद्धतीत पंपातून जाणाऱ्या हवेवरून क्षमता काढतात, म्हणून खोलीची उष्णता कोठून आली याने फरक पडत नाही. कॅलरीमापी खोलीत तसे नाही. तेथे खोलीला दिलेली किंवा तिच्यातून काढलेली ऊर्जा हेच मोजमाप असते. परतीचा प्रत्येक प्रवाह तितक्याच अचूकपणे मोजावा लागतो, आणि अनिश्चितता वाढत असेल तर तेथे बचतीचा आग्रह न धरणे श्रेयस्कर.

युरोपातील ईएन १४८२५ मानकात −७, २, ७ व १२ अंशांवर अंशभार (पूर्ण क्षमतेपेक्षा कमी भारावरच्या) चाचण्या येतात. साहजिकच चाचणीचे तास वाढतात.

भारतात रूम एसीच्या चाचण्यांत शीतनाला महत्त्व आहे. शीतनाच्या प्रमाणित स्थितीत आतली खोली २७ व बाहेरची ३५ अंशांवर असते. येथे परतीची दिशा बदलते, उतार राहतोच. पण तो ८ अंशांचाच असल्याने उष्णता-विनिमयक मोठा घ्यावा लागतो.