फ्लॅश सेल हा शब्द आला कुठून आणि अडकला कुठे

दिवाळीत फ्रिजवर डिस्काउंट लागला तरी लोक हल्ली त्याला फ्लॅश सेल म्हणतात, चपलांच्या दुकानाबाहेरच्या बोर्डावर पण मी हा शब्द वाचलाय. पण २०१४ मध्ये मंगळवारी दुपारी कार्डचे डिटेल्स आधीच भरून, दोन ब्राउझर उघडून आणि मोबाईलवर तिसरीकडून लॉगिन करून नव्या फोनसाठी जे बसले होते त्यांच्यासाठी या शब्दाचा अर्थ एकच होता. आणि पुढे २०२१ मध्ये सरकारने ऑनलाइन विक्रीच्या नियमांच्या मसुद्यात फ्लॅश सेलची जी व्याख्या घातली तिच्यात तो अर्थ जवळजवळ नव्हताच. हे सगळं का झालं ते मला नीट लिहून ठेवायचंय.

त्याआधीचं थोडक्यात. मुंबईची बाझी डॉट कॉम ही खरेदी-विक्रीची साईट २००४ मध्ये ईबेने घेतली, त्यावर लोक जुने कॅमेरे, पेन ड्राइव्ह, परदेशातून आणलेले फोन घ्यायचे. फ्लिपकार्ट २००७ ला पुस्तकं विकत सुरू झालं आणि २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आलं, तिथून खरी गाडी सुटली कारण आपल्या घरात आईवडिलांना "वस्तू हातात आल्यावर पैसे" हेच पटणार होतं. फोनची चर्चा मात्र शॉपिंगच्या साईटवर होत नव्हती, ती ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साईटवर व्हायची. नोकियाचा एन७३ घ्यावा की सोनी एरिक्सनचा के७५०आय यावर तिथल्या कम्युनिटीत रात्र रात्र वाद चालायचे आणि फोन घ्यायचा तो शेवटी लॅमिंग्टन रोडला नाहीतर हाजी अलीच्या हिरा पन्नात जाऊन, बिलाचा एक भाव आणि बिनबिलाचा दुसरा.

मग २०१४. फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी फक्त फ्लिपकार्टवर आला, ८ जीबीचा १२,४९९ आणि १६ जीबीचा १३,९९९ रुपयांना. दुकानात मिळणारच नाही असा मोठ्या नावाचा फोन आपल्यापैकी बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. फोनच्या दुकानदारांना इथेच पहिला धक्का बसला असं माझं मत आहे, पण तेव्हा आमच्यापैकी कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं, आम्ही स्पेसिफिकेशन वाचत होतो.

जुलैत शाओमीचा मी ३ (Mi 3) हा फोन आला. स्नॅपड्रॅगन ८०० प्रोसेसर, ५ इंची फुल एचडी स्क्रीन, १३ मेगापिक्सेल कॅमेरा, किंमत १३,९९९. तोच प्रोसेसर असलेला गूगलचा नेक्सस ५ आपल्याकडे २८,९९९ ला लाँच झाला होता, म्हणजे अर्ध्याहून कमी पैशात तीच ताकद. २२ जुलैला पहिली विक्री झाली, पुढच्या आठवड्यात माल ५ सेकंदांत संपल्याचं कंपनीने सांगितलं आणि त्यानंतरच्या वेळी २ सेकंदांत. सप्टेंबरच्या सुरुवातीला ५,९९९ रुपयांचा रेडमी १एस आला तेव्हा ४०,००० फोन ४.२ सेकंदांत गेले असं जाहीर झालं. आधी रजिस्ट्रेशन करायचं, ते ठरलेल्या तारखेला बंद व्हायचं, मग विक्रीच्या वेळी लॉगिन करून बटण दाबायचं, आणि फोन कार्टमध्ये आला तर तो काही वेळच तुमच्यासाठी राखलेला असायचा. लोकांनी आपोआप क्लिक करणाऱ्या स्क्रिप्ट बनवल्या, त्या फेसबुक ग्रुपमध्ये फिरल्या, ऑफिसातल्या चार मित्रांनी एकासाठी रजिस्टर करायचं हे तर सर्रास. डिसेंबरमध्ये वनप्लस वन आला तो ऍमेझॉनवर आणि इन्व्हाइट, म्हणजे फोन घ्यायचं आमंत्रण, असेल तरच, मग इन्व्हाइट मागणाऱ्या पोस्टनी ग्रुप भरून गेले.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा गुंता यातच आहे. या विक्रीत डिस्काउंट नव्हता. मी ३ ची किंमत १३,९९९ ही लाँचलाच ठरलेली किंमत होती, सेलसाठी उतरवलेली नव्हती. आकर्षण होतं ते मुळात स्वस्त असलेल्या फोनचं आणि तुटवड्याचं. म्हणजे २०१४ चा फ्लॅश सेल म्हणजे ठरलेल्या वेळी मोजके नग, बाजारातल्याच किमतीत, एकाच साईटवर. सेल या शब्दाचा आपण मनात जो अर्थ धरतो, "उतरलेला भाव", तो त्यात नव्हताच.

तो अर्थ चिकटला ६ ऑक्टोबर २०१४ ला, फ्लिपकार्टच्या बिग बिलियन डे या मोठ्या सेलला. त्याच्या सहा दिवस आधी, ३० सप्टेंबरला, ऑर्कुट बंद झालं होतं. एकाच आठवड्यात आमची जुनी गप्पांची जागा गेली आणि नवीन बाजार भरला असं मला तेव्हाही वाटलं होतं. त्या दिवशी साईट बसली, ऑर्डर कॅन्सल झाल्या, काही वस्तूंचे भाव आधी चढवून मग उतरवल्याच्या तक्रारी झाल्या, तरी १० तासांत ६०० कोटींची विक्री झाल्याचं कंपनीने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांना मेल पाठवून माफी मागितली. व्यापाऱ्यांच्या संघटनांचा राग तिथून उघड झाला. लोकांच्या डोक्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्या, सेकंदात संपणारा फोन आणि भाव पाडून विकलेला टीव्ही, दोन्हीला फ्लॅश सेल.

दुकानदार आणि सरकार यांच्यातलं भांडण वेगळ्याच शब्दावर चाललं होतं, "मार्केटप्लेस". परदेशी पैसा असलेल्या साईटने स्वतःचा माल ग्राहकाला विकायचा नाही, फक्त विक्रेता आणि ग्राहक यांना एकत्र आणायचं, असा नियम २०१६ च्या मार्चमध्ये लिहून आला. एका विक्रेत्याची विक्री साईटच्या एकूण विक्रीच्या २५ टक्क्यांपुढे जाऊ नये आणि साईटने भावावर प्रभाव पाडू नये हेही त्यातच. मग २६ डिसेंबर २०१८ ला आणखी घट्ट नियम आले, लागू १ फेब्रुवारी २०१९ पासून: ज्या विक्रेत्यात साईटची मालकी आहे त्याने त्या साईटवर विकायचं नाही आणि एखाद्या विक्रेत्याला "फक्त आमच्याकडेच विक" अशी सक्ती करायची नाही. त्या दिवशी ऍमेझॉनवरून बऱ्याच वस्तू गायब झाल्या, त्यांचे स्वतःचे इको स्पीकर सुद्धा, आणि काही दिवसांत मालकीचा हिस्सा कमी करून बऱ्याचशा परत आल्या. सक्ती नको असं लिहिलं, पण कंपनीने स्वतःहून एकच साईट निवडली तर काय, हे मोकळंच राहिलं, त्यामुळे फोन पूर्वीसारखेच एकेका साईटवर लाँच होत राहिले. जानेवारी २०२० मध्ये स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेने याच एक्सक्लुझिव्ह लाँचची आणि मोठ्या डिस्काउंटची चौकशी लावली.

आणि मग जून २०२१ चा मसुदा. त्यातली फ्लॅश सेलची व्याख्या मी कितीतरी वेळा वाचली. पहिला भाग असा की बरेच उतरलेले भाव, मोठी सूट किंवा तशाच आकर्षक ऑफर, ठरावीक काळासाठी, निवडक वस्तूंवर, जास्त ग्राहक ओढण्यासाठी. दुसरा भाग अट घालतो की तंत्रज्ञान वापरून, फसवणुकीने, नेहमीचा व्यवहार अडवून, साईटच्या हाताखालच्या विक्रेत्यालाच किंवा तशा गटालाच विकता यावं म्हणून केलेला सेल. मसुदा आल्यावर सगळीकडे "फ्लॅश सेल बंद" अशा हेडलाइन आल्या, ग्रुपवर एकच गोंधळ, मग सरकारला सांगावं लागलं की नेहमीच्या सेलवर बंदी नाही. गोंधळ होणारच होता, कारण शब्द ग्राहकांचा घेतला आणि अर्थ दुकानदारांच्या तक्रारीचा भरला.

तो मी ३ फोन या व्याख्येत बसवून बघा. भाव उतरवलेला नव्हता, त्यामुळे पहिला भाग ओढूनताणूनच लागतो. एकाच साईटवर ठरावीक विक्रेत्याकडून विक्री होती, म्हणजे दुसऱ्या भागाच्या जवळ जातो, पण फसवणूक कशी सिद्ध करणार, सगळं तर जाहीर होतं. ज्या विक्रीमुळे हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तीच व्याख्येच्या बाहेर राहते. दुकानदारांची तक्रार मला खरी वाटते, वर्षानुवर्षं फोन विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक विचारतं तो फोन मिळतच नाही ही त्याची चूक नाही. पण त्यासाठी "ठरावीक विक्रेत्यांना दिलेला फायदा" असं सरळ म्हणता आलं असतं, फ्लॅश सेल म्हणायची गरज नव्हती.

आणि ग्राहकाचं काय? त्या व्याख्येत भाव आहे, काळ आहे, हेतू आहे, विक्रेता आहे, पण नग किती हे कुठेच नाही. २०१४ पासून आमची एकच तक्रार होती, विक्रीला किती फोन ठेवलेत ते आधी का सांगत नाही. संपल्यावर आकडा यायचा, तोही कंपनीच्या सोयीने आणि विक्रमासारखा. पाचशे फोन असतील तर मी ऑफिसमधली मीटिंग पुढे ढकलणार नाही, चाळीस हजार असतील तर बघतो, एवढं ठरवण्याचा हक्क तरी मिळायला हवा होता.

मधल्या काळात बाजार स्वतःच बदलला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून वाढलेली भिवंडीची गोदामं जकात गेल्यावरही वाढतच राहिली कारण नाशिक हायवे तिथूनच जातो. त्याच वर्षी मे महिन्यात शाओमीने बंगळुरूमध्ये पहिलं मी होम (Mi Home) दुकान उघडलं. ज्या फोनसाठी आम्ही सेकंद मोजले त्याच कंपनीचा फोन आता कोपऱ्यावरच्या दुकानात काचेखाली असतो, हातात घेऊन बघता येतो, दुकानदार जुना फोन घेऊन नव्यावर काही पैसे कमी करतो. साईटवर अजूनही "दुपारी १२ वाजता" असा बॅनर लागतो, खाली घड्याळ उलटं पळत असतं, आणि किती नग आहेत ते अजूनही लिहिलेलं नसतं.