दुसरा लाइट पिशवीतच राहू द्या

घरच्या घरी पोर्ट्रेट शिकण्यासाठी आमचा लाइटिंग संच घेतलेल्यांसाठी माहितीपत्रक

पिशवी उघडलीत की दोन फ्लॅश सापडतील, दोन स्टँड, ६० × ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी), एक पांढरी छत्री, कॅमेऱ्यावर बसवायचा, फ्लॅशला चमकायचा इशारा देणारा ट्रिगर, उजेड परतवणारा, घडी होणारा गोल रिफ्लेक्टर, मोठं काळं कापड आणि वाळूसाठी दोन रिकाम्या थैल्या. वाळू आम्ही देत नाही, ती तुम्हीच भरायची. थैल्या भरल्याशिवाय स्टँडवर काहीही चढवू नका. का, ते पुढे येईलच.

संच दोन लाइटचा आहे आणि तरीही आमचं पहिलं सांगणं असं, की पहिला महिनाभर त्यातला एकच बाहेर काढा. नवा माणूस दोन लाइट हाती आले की एक डावीकडे लावतो, एक उजवीकडे, दोन्ही सारख्याच अंतरावर आणि सारख्याच जोराचे. चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा सपाट होतो आणि नाकाला दोन सावल्या फुटतात. बरं, हे कुठल्या लाइटमुळे झालं ते कळायला मार्ग नाही. लाइट एकच असला की फोटोत जे काही बिघडलं त्याला जबाबदारही एकच. शिकायला हे फार सोयीचं पडतं.

आधी खोली काळी करा

पडदे ओढा. कॅमेरा मॅन्युअलवर घ्या, म्हणजे आकडे तुम्हीच ठरवायचे: आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १००, शटर (किती वेळ उघडं राहतं ते) १/१६० सेकंद, ॲपर्चर (लेन्समधलं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ८. ट्रिगर बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. तसा आला, की खोलीतली ट्यूब, खिडकीची फट, कोपऱ्यातला दिवा यांचा तुमच्या फोटोशी संबंध संपला. आता ट्रिगर चालू करा. दिसेल ते सगळं फ्लॅशचं. हा काळा फोटो काढायचा बहुतेक जण कंटाळा करतात आणि मग एक गाल पिवळा का आला याचा शोध घेत बसतात. घरातला पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), फ्लॅश ५५०० च्या आसपास. दोन्ही एका चेहऱ्यावर पडले तर कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सेटिंग, कुणा एकालाच खूश करू शकतं. ते फ्लॅशच्या खुणेवर ठेवा आणि विसरून जा.

फोटो अंधारा आला तर शटर हळू करू नका, उपयोग होणार नाही. फ्लॅशचा लखलखाट शटर उघडं असतानाच्या अगदी छोट्या क्षणात उरकतो. शटर त्यानंतर कितीही वेळ उघडं राहिलं तरी त्याच्या पदरात जास्त काही पडत नाही. फ्लॅशचा उजेड कमीजास्त करायचा तो ॲपर्चरने, फ्लॅशच्या पॉवरने किंवा अंतराने. शटर फक्त खोलीतल्या उजेडावर चालतं. ते फार वेगवानही नको. बहुतेक कॅमेऱ्यांची फ्लॅशसोबतची मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. त्यापुढे गेलात की फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. “फ्लॅश अर्धाच चालतोय” म्हणून आम्हाला फोन येतो तेव्हा आम्ही आधी शटरचा आकडा विचारतो.

भिंती पांढऱ्या असतील तर त्यांच्यावरून परतलेला उजेड सावल्या भरून काढतो. हिरव्या असतील तर हनुवटीखाली हिरवट झाक येते, आणि ती नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढणं वेळखाऊ काम. त्या बाजूला काळं कापड टांगा.

जवळ आणि लांब

पॉवरच्या बटणाशी खेळण्याआधी स्टँड हलवायला शिका. लाइट दुप्पट लांब नेला की चेहऱ्यावर चौथा हिस्सा उजेड उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पण त्याचा चेहऱ्यावर काय परिणाम होतो हे खोलीत उभं राहिल्याशिवाय उमगत नाही.

एका बाजूने लाइट लावलाय आणि जवळचा गाल त्याच्यापासून ५० सेंटीमीटरवर आहे असं धरा. पलीकडचा गाल आणखी १५ सेंटीमीटर लांब. तिथे पोचेपर्यंत उजेड साठ टक्क्यांवर आलेला असतो. तोच लाइट दोन मीटरवर नेला तर त्या १५ सेंटीमीटरचं फारसं काही वाटत नाही, पलीकडच्या गालाला ८७ टक्के मिळतो. चेहरा तोच, लाइट तोच. एकदा चेहऱ्याला उतार येतो, एकदा येत नाही. सॉफ्टबॉक्सच्या अगदी जवळ हे गणित तंतोतंत बसत नाही, कारण तो बिंदू नसून चांगला मोठा चौकोन आहे. पण कल हाच राहतो.

मागच्या भिंतीचंही असंच. माणसाला भिंतीपासून दीड मीटर पुढे बसवा आणि लाइट त्याच्यापुढे ७५ सेंटीमीटरवर ठेवा. भिंत लाइटपासून तिप्पट लांब पडली, तिच्यावर चेहऱ्याच्या नवव्या हिस्स्याइतका उजेड. पांढरी भिंत गडद करडी दिसेल. आता लाइट दीड मीटरवर सरकवा, पॉवर दोन स्टॉप वाढवून चेहरा पहिल्याइतकाच उजळ करून घ्या. भिंत आता दुप्पट लांब, उजेड चौथा हिस्सा, आणि करडा रंग चांगलाच फिका झालेला. एका भिंतीत तुम्हाला तीनचार पार्श्वभूमी मिळाल्या. रंगीत पडदे विकणारे आमच्यावर रागावतील, पण पडदा विकत घेण्याआधी हे करून पाहा.

मऊ आणि कडक उजेडाचा हिशेबही अंतरातच आहे. सूर्य प्रचंड मोठा आहे, पण इतका लांब की आकाशात त्याची जेमतेम अर्ध्या अंशाची टिकली दिसते, म्हणून उन्हातल्या सावल्यांना धार असते. ढग आले की सगळं आकाशच दिवा होतं आणि सावलीची कड विरघळते. तुमचा सॉफ्टबॉक्स चार मीटरवर नेलात तर तो छोटा सूर्यच. सुरुवातीला त्याच्या कर्णाइतकं अंतर धरा. आपल्या सॉफ्टबॉक्ससाठी ते साधारण एक मीटर येतं. फ्रेमच्या कडेत तो डोकावेल की काय असं वाटेपर्यंत जवळ आणायला घाबरू नका.

नाकाची सावली कुठे पडतेय?

कुणाला तरी खुर्चीवर बसवा. घरातले कंटाळले असतील तर एखादी बाहुली किंवा पुतळा घ्या, नाक असलं म्हणजे झालं. लाइट डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि कॅमेऱ्याच्या अगदी वरच्या रेषेत ठेवून पहिला फोटो काढा. नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली येईल. मग स्टँड एका बाजूला थोडाथोडा सरकवत प्रत्येक वेळी एक फोटो. आधी सावली नाकाच्या कडेला छोट्या वळशासारखी पडते. आणखी सरकलात की ती गालावरच्या सावलीला जाऊन भिडते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून फोटोग्राफर त्याला रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात. पूर्ण काटकोनात गेलात की अर्धा चेहरा अंधारात.

या चारही ठिकाणी उंचीही बदलून पाहा. लाइट फार वर गेला की भुवयांच्या सावलीत डोळे बुडतात. बुबुळात सॉफ्टबॉक्सचा चौकोनी ठिपका चमकतोय का ते फोटो मोठा करून बघा. तो वरच्या बाजूला, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी असेल तर उंची बरी आहे. दिसतच नसेल तर स्टँड खाली घ्या. आमच्या मते नवशिक्याने इतर काही तपासलं नाही तरी हा ठिपका तपासावा.

सावली फार काळी वाटली की हात दुसऱ्या फ्लॅशकडे जाईल. जाऊ देऊ नका. रिफ्लेक्टरची पांढरी बाजू सावलीतल्या गालाशेजारी धरा आणि जवळ-लांब करा. चंदेरी बाजू जास्त कडक उजेड फेकते. सोनेरी बाजूबद्दल आमचं मत चांगलं नाही, कावीळ झाल्यासारखं दिसतं. त्याच जागी काळं कापड धरलंत तर सावली आणखी गडद होते आणि गोल चेहरा निमुळता वाटतो. ही गंमत जरूर करून पाहा.

चष्म्यातली चमक

उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, एवढं लक्षात ठेवलं की चष्म्याचा प्रश्न सुटतो. लाइट वर आणि बाजूला न्या. तरी काचेत चौकोन दिसतच असेल तर चष्म्याच्या काड्या कानावरून बोटभर उचला, काच किंचित खाली झुकते आणि चमक फ्रेमबाहेर जाते. फोटोत हे कळत नाही.

लेन्स आणि फोन

चेहऱ्यापासून दीड ते दोन मीटरवर उभे राहा. नाक मोठं दिसण्याचा दोष लेन्सचा नसतो, जवळ जाण्याचा असतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलीमीटरची लेन्स या अंतराला छान बसते. छोट्या सेन्सरवर ५० ची. फोनने काढणार असाल तर आमचा फ्लॅश बहुतेक फोनशी जुळत नाही. त्याचा मॉडेलिंग लाइट, म्हणजे फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा, पूर्ण जोरावर चालू ठेवा, फोन टेकवून ठेवा, दोन पावलं मागे होऊन दुप्पट झूम वापरा. वरचे अंतराचे आणि सावलीचे प्रयोग तसेही करता येतात.

समोर बसलेल्याबद्दल

तुम्ही स्क्रीनकडे बघत राहिलात की समोरच्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणून लाइटची जुळवाजुळव बाहुलीवर उरकून घ्या आणि माणूस बसल्यावर बोलत राहा. “हसा” म्हणू नका. काही तरी विचारा, उत्तर संपल्यानंतरचा क्षण टिपा. वीस मिनिटांत आटोपा, पुढच्या वेळी तो पुन्हा बसेल.

आता वाळू

सॉफ्टबॉक्स लावलेला स्टँड म्हणजे शिडात वारा भरलेलं होडकं. पंख्याच्या झोताने, पडद्याच्या ओढीने तो कलंडतो. आमच्याच खोलीत एकदा असा पडला, खुर्ची नशिबाने रिकामी होती. स्टँडचा एक पाय लाइट झुकलाय त्या दिशेला ठेवा, वाळूची थैली विरुद्ध बाजूच्या पायावर टाका आणि पाय पुरते फाकवा. फ्लॅश कधीही उघडू नका. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाबाची वीज साठलेली राहू शकते. बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरी अर्धीअधिक चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा फ्लॅश थोडा वेळ चालवा.

महिन्याभराने दुसरा लाइट काढाल तेव्हा तो चेहऱ्यावर रोखू नका. मागच्या भिंतीवर टाका किंवा मागून केसांच्या कडेवर, आणि पॉवर पहिल्यापेक्षा कमी. तो लावलाय हे बघणाऱ्याला कळलं तर आणखी कमी करा.

अडलात तर बिघडलेला फोटो आम्हाला पाठवा आणि त्यासोबत फोनवर काढलेला अख्ख्या खोलीचा एक फोटोही पाठवा, त्यात खुर्ची, स्टँड, भिंत आणि तुम्ही उभे होता ती जागा दिसू द्या. पहिल्या फोटोपेक्षा आम्हाला दुसऱ्याचाच जास्त उपयोग होतो.